बाजारचा वार सोडून

रस्त्याच्या कडेला उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नावाची एक रेघ कागदावर ओढायची, ही माझी नोकरी होती. नाव नाही लिहायचं, फक्त रेघ. चार उभ्या, पाचवी त्यांच्यावरून तिरकी, की झाला पाचाचा एक जुडगा. बैलगाडीचा रकाना वेगळा, सायकलीचा वेगळा, एस.टी., ट्रक, पायी माणूस आणि डोक्यावर ओझं असलेलं पायी माणूस हे सगळे वेगळे. सकाळी सहाला उभं राहायचं, संध्याकाळी सहाला रेघा मोजून बेरीज मांडायची आणि खाली सही करायची.

लोकांना वाटतं, शहराचा आराखडा म्हणजे मोठ्या टेबलावर रंगीत पेन्सिली घेऊन कुणी हुशार माणसं बसतात आणि इथं घरं, इथं कारखाने, इथून रस्ता असं ठरवून टाकतात. ती माणसं असतात, आणि हुशारही असतात. पण त्यांच्या टेबलावर जो आकडा जातो तो कुठल्या तरी चिंचेखाली उन्हात उभ्या असलेल्या माणसानं टिपलेला असतो. साठीच्या दशकात शिरूर आणि दौंड तालुक्यांत तो माणूस मी होतो.

मी मूळचा कोकणातला. वडील गेल्यावर सहावीतून शाळा सुटली. आई आणि धाकटी बहीण गावी, आणि मी घाट चढून पुण्याला. नगररचनेच्या एका तात्पुरत्या कार्यालयात पाणी भरायला म्हणून लागलो. तिथं दातारसाहेब होते. एकदा मोजणीचा एक माणूस आजारी पडला, तेव्हा त्यांनी मला रस्त्यावर उभं केलं. संध्याकाळी माझा कागद पाहिला आणि म्हणाले, "गोविंदा, तुझी रेघ सरळ आहे. उद्यापासून हेच कर." जाहिरातीत मॅट्रिक पास अशी अट होती. साहेबांनी माझ्या अर्जातला शिक्षणाचा रकाना तसाच मोकळा ठेवला आणि अर्ज पुढं पाठवून दिला. हे उपकार मी कधी विसरलो नाही, आणि त्या रिकाम्या रकान्याची भीतीही कधी गेली नाही. मुख्य कचेरीचं पाकीट आलं की ते कुणाच्या नावाचं आहे हे मी आधी बघायचो. वाटायचं, कुणीतरी पाहिलं असणार.

आमचा मुक्काम दौंडला, स्टेशनच्या मागं दोन खोल्यांत. एकीत नकाशे, दुसरीत आम्ही. साहेबांनी मला कामाचा अर्थ पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितला, तो असा. पुणं फुगत चाललंय. गावोगावची पोरं तिथं जातात, नाल्याकाठी झोपड्या घालतात. ते थांबवायचं असेल तर शिरूरला, दौंडला कामं निघाली पाहिजेत आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांतून तिथं पोहोचायला बारमाही वाट पाहिजे. जिथं येणं-जाणं पुरेसं आहे तिथं पक्का रस्ता, तिथं एस.टी., आणि त्या रस्त्याच्या कडेनं घरांसाठी जागा. "सकाळी घरातून निघालेल्या माणसाला संध्याकाळी घरी येऊन जेवता आलं पाहिजे," साहेब म्हणाले. "एवढंच प्लॅनिंग. बाकी सगळी रंगरंगोटी."

मला ते फार पटलं. मी स्वतः घरी जेवून तीन वर्षं झाली होती.

रस्त्यावर माणसं मात्र तऱ्हेतऱ्हेची भेटायची. नुसत्या रेघा ओढायच्या असल्या तर प्रश्न नसायचा, पण काही ठिकाणी थांबवून विचारावं लागे, कुठून निघालात, कुठं चाललात. कुणाला वाटे टॅक्स बसणार, कुणाला वाटे धरून लस टोचणार. न्हावऱ्याच्या फाट्यावर एक फेटेवाला माझ्यावर असा काही उखडला की बस्स. "तुला रं काय करायचं मी कुठं चाललोय? तू काय माझा सासरा हायेस?" तो वीस पावलं गेला आणि तिथून ओरडून सांगता झाला, "सासऱ्याकडंच चाललोय. लिव." एकदा एक धनगर दीड-दोनशे मेंढरं घेऊन आला. मेंढरं कुठल्या रकान्यात घालायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यालाच विचारलं, आप्पा, कुठं निघाला. तो म्हणाला, "मी मेंढरांच्या मागं. मेंढरांना इचार." दौंडला रेल्वेतला एक फायरमन होता. ड्यूटीवरून येताना रोज माझ्यासमोर उभा राहायचा आणि स्वतःची रेघ ओढलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हलायचा नाही. एक दिवस आला नाही, तर दुसऱ्या दिवशी म्हणे कालची पण ओढ. मी म्हटलं तसं चालत नाही मामा. तेव्हा तो खरोखर हिरमुसला. मला वाटतं, आपण कुठंतरी मोजले जातोय याचं त्याला बरं वाटत असावं.

माझ्या बोलण्यावरून मला सगळे कोकण्या म्हणत. त्याचं काही वाटत नसे.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. ती लिहायची म्हणूनच या अंकासाठी आठवणी मागणाऱ्या संपादकांना हो म्हटलं.

मोजणीचा एक नियम होता. मोजणी फक्त मंगळवार, बुधवार, गुरुवार या तीन दिवशी करायची. सण, जत्रा, लग्नाची दाट तिथी आणि बाजारचा वार सोडून. त्या दिवशी गर्दी नेहमीसारखी नसते, आणि अशा गर्दीच्या मापानं रस्ता बांधला तर बाकीचे सहा दिवस तो मोकळा पडेल, असं त्यामागचं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं. शहरातल्या रस्त्याला ते बरोबर बसतं.

निमोणं आणि न्हावरं यांच्या मधे, मोठ्या रस्त्यापासून दोन-अडीच मैल आत बोरमळा नावाची वस्ती होती. अठरा घरं. बरीचशी ख्रिस्ती, काही मराठ्यांची, दोन रामोशांची. मोठा रस्ता आणि वस्ती यांच्यामधे एक ओढा. उन्हाळ्यात त्यात फुफाटा, पावसाळ्यात छातीएवढं पाणी. आराखड्यात इथून रस्ता न्यायचा की वरच्या अंगानं दुसऱ्या गावावरून, असे दोन पर्याय होते, आणि ते माझ्या मोजणीवर ठरणार होतं. बोरमळ्यावरून रस्ता गेला तर ओढ्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, होणार, गाड्या आणि एस.टी. वरून जातील अशी. नाही गेला तर वस्ती आहे तशी राहणार.

माझी राहण्याची सोय तिथल्या शाळेच्या मागच्या खोलीत झाली. शाळा पूर्वी मिशनची होती. योहान मास्तर तिथं तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले, पण किल्ली अजून त्यांच्याकडंच. उंच, वाळलेले, धोतर आणि बंद गळ्याचा कोट. त्यांचा मुलगा दानिएल शिरूरला एका कौलांच्या कारखान्यात गेल्या साली लागला होता. रोज सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचा आणि पुढं बारा मैल चालवत जायचा. सून राहेल. मी तिला राहेलवैनी म्हणायचो. पहिल्या दिवशी तिनं मला भाकरी वाढताना सरळच विचारलं, "भावजी, तुमच्या त्या कागदानं फरशी व्हईल का?"

मी म्हटलं, आकडा आला तर होईल.

"पावसाळ्यात हे आठ-आठ दिस घरी बसत्यात. मुकादम म्हनला, आवंदा खाडं झालं तर दुसरा मानूस घिऊ." मग तिनं दुसरी भाकरी टाकली आणि विषय मिटवला.

मंगळवारी मी ओढ्याच्या काठी बाभळीखाली उभा राहिलो. दिवसभरात दानिएल गेला आणि आला, एक दूधवाला, एक पोस्टमन आणि वाट चुकलेली दोन माणसं. बुधवारी त्याहून कमी. गुरुवारी मास्तर येऊन माझ्याजवळ दगडावर बसले. माझा कागद पाहिला.

"आज कोण जाईल, लेकरा?" म्हणाले. "वाट अशी. एक काम निघालं म्हणून कुणी ओढा उतरत नाही. दुखणंखुपणं, पोस्ट, कचेरी, तेलमीठ, सगळं साठवून ठेवतात आणि शनिवारी शिरूरच्या बाजाराला एकदम जातात. तू शनिवारी उभा राहा."

मी नियम सांगितला. बाजारचा वार चालत नाही.

मास्तरांनी त्यावर वाद घातला नाही. फक्त म्हणाले, "म्हणजे आम्ही ज्या दिवशी जातो तो दिवस सोडून तुम्ही आम्हाला मोजणार."

मी त्यावर रात्रंदिवस विचार केला असं म्हणणार नाही. पण शुक्रवारी मला दौंडला परतायचं होतं आणि मी परतलो नाही. शनिवारी पहाटे फटफटायच्या आधीच मास्तर कंदील घेऊन काठावर येऊन बसले, आणि मी कोरा तक्ता काढला.

असा दिवस मी नोकरीत पुन्हा पाहिला नाही. सूर्य वर यायच्या आत गाड्यांची ओळ लागली. एकेका गाडीत चार-चार घरांचा माल. कांदा, घेवडा, कोंबड्या, दुरुस्तीला निघालेला नांगराचा फाळ. मागच्या वाड्यांची माणसंही इकडूनच उतरत होती, ज्यांची नावं आमच्या नकाशात नव्हती. एका म्हातारीला खाटेवर घालून चार जण मिशनच्या दवाखान्याला नेत होते. ती सोमवारपासून तापात होती, पण बाजारापर्यंत थांबवली होती. मास्तर प्रत्येकाचं नाव घ्यायचे. "हा यशवंता. ही मार्था आणि तिची जाऊ. हा रामभाऊ पाटलाचा थोरला, ह्याची कोर्टात तारीख आहे." मी रेघ ओढायचो. ओढ्यात एक गाडी रुतली तेव्हा मी कागद मास्तरांकडं देऊन चाकाला हात लावायला उतरलो, तर मास्तर वरून म्हणाले, "आधी रेघ ओढ, मग हात लाव." माणसं हसली. एकानं विचारलं, "कोकण्या, रेघंला काय लागंल का वर्गनी?" दुपारपर्यंत तक्ता भरला, मी दुसरा जोडला. संध्याकाळी बेरीज मांडली तेव्हा पुरेसा म्हणून जो आकडा ठरला होता त्याच्या कितीतरी वर गेली होती. आधीचे तीन दिवस मिळवून चारांची सरासरी काढली असती तरीही वरच राहिली असती. राहेलवैनीनं त्या दिवशी बाजारातून आणलेली भजी मला दिली. मास्तर म्हणाले, आता तुझ्या साहेबाला दाखव.

सोमवारी सकाळी मी दौंडला साहेबांपुढं शनिवारचे दोन्ही तक्ते ठेवले. मनात भीती होती, पण तोपर्यंत मला वाटत होतं की भीती एवढीच, साहेब रागावतील.

साहेब रागावले नाहीत. चष्मा लावून दोन्ही कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. एका ठिकाणी बोट ठेवून विचारलं, ही खाट कशात धरलीस. मी म्हटलं, पायी चार, ओझ्यासह. ते मान हलवून हसले. मग म्हणाले, "हे खरं आहे?"

"होय साहेब."

"मग खाली लिही. हुकमाशिवाय केलेली जादा मोजणी, कारण अमुक अमुक. आणि सही कर. मी माझा शेरा मारून वर पाठवतो. नियम चुकीचा आहे असं मला किती दिवस वाटतंय, पण माझ्याकडं कागद नव्हता."

मी पेन घेतलं.

"एक सांगून ठेवतो," साहेब म्हणाले. "वरून विचारणा येईल. कुणी सांगितलं, का केलं, हा माणूस कोण. ती तुझ्या नावानं येईल. मी सांगीन, मुलगा प्रामाणिक आहे. पण येईल."

त्याच आठवड्यात मला कायम करण्याची फाइल त्याच वरच्या कचेरीत गेलेली होती. हा माणूस कोण असं विचारलं, की माझा अर्ज काढणार. अर्ज काढला, की तो मोकळा रकाना दिसणार. आईला मी आधीच लिहून टाकलं होतं की कायम होतोय, बहिणीचं बघायला हरकत नाही. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं. आणि त्याबरोबर आणखी एक गेलं, की रकाना साहेबांनी मोकळा ठेवला, म्हणजे तेही अडकतील. ते मला फार सोयीचं वाटलं. आपण भित्रे नाही, उपकार जाणणारे आहोत, असं त्यातून म्हणता येत होतं. मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला तसंच सांगितलं. पण साहेबांनी मला तो रकाना लपवायला सांगितलं नव्हतं. त्यांना तर तो आठवतही नसेल.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "राहू द्या साहेब."

साहेबांनी दोन्ही कागद नीट जुळवून माझ्या हातात परत दिले. मग मंगळवार ते गुरुवारचे तक्ते पुढं ओढले आणि त्यांच्यावर काम सुरू केलं.

महिन्याभरात मी कायम झालो.

आराखड्याचा मसुदा तयार झाला की तो लोकांना पाहायला लावायचा असतो. ठराविक मुदतीत ज्याची हरकत असेल त्यानं लिहून द्यायची. आमचा नकाशा शिरूरला एका कचेरीच्या भिंतीवर लावला होता आणि हरकती घ्यायला टेबल टाकून मला बसवलं होतं. खेड्यातली माणसं येत, नकाशापुढं उभी राहत, स्वतःचं गाव शोधत, आणि सापडलं की हात लावून बघत. त्यामुळं शिरूरच्या आसपासचा कागद मळून गेला होता.

एका शनिवारी योहान मास्तर आले. मी उठून उभा राहिलो. त्यांनी चष्मा पुसला आणि नकाशापाशी गेले. रस्ता लाल रेघेनं दाखवलेला होता, आणि तो वरच्या गावावरून गेला होता. रस्त्याच्या कडेनं घरांची जागा फिक्या पिवळ्या रंगात. बोरमळा होता, एक काळा ठिपका, आणि त्याच्या चारी बाजूंनी शेतीचा हिरवा रंग. हिरव्या रंगात नवं घर बांधायला परवानगी मिळत नाही हे मी त्यांना सांगितलं, कारण त्यांनी विचारलं.

"आपला शनिवारचा कागद लागू पडला नाही वाटतं," मास्तर म्हणाले.

मी म्हटलं, "वर मान्य झाला नाही, मास्तर."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू तुझं केलंस. वाईट वाटून घेऊ नकोस." मग म्हणाले, "मी हरकत लिहितो. त्या कागदाची नक्कल मिळेल का? आकडा असला तर माझ्या लिहिण्याला वजन येईल."

ती मला मिळालेली दुसरी संधी होती, आणि ती पहिलीपेक्षा सोपी होती. मी कायम झालो होतो. कागद माझ्या ट्रंकेत, शर्टाच्या खाली होता. पण कागद दिला असता तर तो वर गेलाच नव्हता हे मास्तरांना कळलं असतं. मी म्हटलं, तो वर गेला तो परत आला नाही. त्याच आठवड्यात दौंडला परतल्यावर दोन्ही तक्ते मी पाण्याच्या बंबात घातले.

मास्तरांनी आठवणीवरून हरकत लिहिली. सुंदर अक्षर. आकडा नव्हता, म्हणून त्यांनी त्या शनिवारी ओढा उतरलेल्या माणसांची नावं लिहिली होती, आणि कोण कशासाठी गेलं ते. तीन पानं. यशवंता बी आणायला. मार्था जावेच्या पोराला दाखवायला. खाटेवरची म्हातारी, आणि तिच्यापुढं कंसात, नंतर वारली. शेवटी लिहिलं होतं की ही माणसं आपल्या कार्यालयाच्या मोजणीदारासमोरून गेली, त्यास विचारावे.

मला कुणी विचारलं नाही. हरकतींना उत्तरं छापील ठशाची असत, फक्त कारण हातानं भरायचं. ते काम माझ्याकडंच होतं. मी भरलं, "मोजणीच्या आकड्यांचा आधार नाही." साहेबांनी सही केली. ते वाचून सही करणारे गृहस्थ होते. सही करताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, आणि त्यानंतर मला कधी गोविंदा म्हणाले नाहीत. माझ्या आडनावानं हाक मारायला लागले. वागायला पूर्वीइतकेच चांगले. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली तेव्हा मी हार घेऊन स्टेशनवर गेलो होतो. त्यांनी तो घेतला.

बोरमळ्याचं पुढं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. त्या पावसाळ्यात दानिएलचे नऊ खाडे झाले आणि मुकादमानं बोलल्याप्रमाणं केलं. तो पुण्याला एका कारखान्यात लागला. आधी महिन्यातून एकदा यायचा, मग सणाला. त्याच्यामागून यशवंताचे दोघे भाऊ गेले. रामभाऊ पाटलाच्या थोरल्याला लग्नानंतर वेगळं घर बांधायचं होतं, हिरव्या रंगात परवानगी मिळाली नाही, तो सासरच्या गावी जाऊन राहिला. यात कुणी मेलं नाही, कुणी कुणावर अन्याय केला असं दिसलं नाही. एकेक कडी आतून लागण्याऐवजी बाहेरून लागत गेली. आमच्या आराखड्यात पुण्याकडं जाणारे लोंढे थांबवायचे असं पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं.

दोन पावसाळे गेल्यावर निमोण्याच्या एका बाईनं मला रस्त्यावर ओळखलं आणि सांगितलं, "बोरमळ्याच्या मास्तराची सून चालली बगा आज. दार सुदिक काडलंय." मी तक्ता दुसऱ्याकडं दिला आणि गेलो.

राहेलवैनीच्या घराला दार नव्हतं. ते चौकटीसकट उपटून गाडीवर टाकलं होतं, त्याच्यावर जातं, पाटा, पेटी. पुण्यात झोपडीला दार करायला लाकूड महाग मिळतं, म्हणून. मला पाहून ती म्हणाली, "भावजी, आलात व्हय. च्या करायला आता काय ऱ्हायलं न्हाई बगा." तिनं ते माफी मागितल्यासारखं म्हटलं. मी गाडीला मागून हात लावून ओढा पार करून दिला आणि परत वर आलो.

मास्तर शाळेच्या पायरीवर बसले होते. ते जाणार नव्हते. त्यांची बायको आणि दोन मुलं वस्तीमागच्या दफनभूमीत होती. मी त्यांच्यासमोर खाली मातीत बसलो आणि सगळं सांगितलं. साहेब सही मागत होते, मी केली नाही. कागद माझ्याकडं होता, मी दिला नाही. जाळला. उत्तर मी लिहिलं.

मास्तरांनी ओढ्याकडं पाहिलं. गाडी अजून दिसत होती.

"भ्यालास?"

"होय."

"आईसाठी?"

"आईसाठी म्हणत होतो. माझ्यासाठीच."

त्यांनी मान हलवली, जणू वर्गात कुणी उशिरा का होईना बरोबर उत्तर दिलं. मी म्हटलं, मास्तर, मला माफ करा.

"मी करीन रे," ते म्हणाले. "मला ते अवघड नाही, माझं वय झालं. पण मी एकट्यापुरतं करू शकतो. अठरा घरं होती. त्यांच्या वाटणीचं मी कसं देऊ? ते त्यांच्याकडं मागावं लागेल."

मास्तर पुढं चार वर्षं तिथं एकटे राहिले. त्यांच्या दफनाला मी गेलो होतो. पावसाळा होता. मिशनच्या दवाखान्यातून आणलेली पेटी ओढ्यातून नेता येईना म्हणून पाणी उतरेपर्यंत दीड दिवस आम्ही सगळे रस्त्याकडच्या काठावर थांबलो होतो.

मी नोकरीत होतो तोवर मागायला गेलो नाही. हेही लिहून टाकतो. वर चढत गेलो, माझ्या हाताखाली मोजणीची मुलं आली. त्यांना मी सांगायचो, बाजारच्या दिवशीही उभे राहा, वेगळ्या तक्त्यावर घ्या आणि आधी सही करा, मग बेरीज मांडा. काहींनी तसं केलं. दोन-तीन ठिकाणी त्यामुळं रस्ते झाले. पण ते दुसऱ्या गावांचे. निवृत्त झालो, बहिणीच्या मुलीचंही लग्न झालं, मग मी पुण्यातल्या वस्त्यांतून बोरमळ्याची माणसं शोधायला लागलो.

राहेलवैनी पहिल्याच वर्षी सापडली. तिनं ऐकून घेतलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि म्हणाली, "सासऱ्यानं सांगितलं व्हतं मला. तुम्ही कवा येताय तेच मी बगत व्हते." दानिएल रखवालदारीच्या पाळीवर निघाला होता, तो काही न बोलता निघून गेला. नंतरच्या खेपेला मात्र बसला. यशवंताच्या धाकट्या भावानं मला उभंही केलं नाही, आणि त्याचं बरोबर आहे. मार्थाच्या नातवानं विचारलं, "कसली फरशी? कुठला ओढा?" त्याला बोरमळा हे नावच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.

अठरापैकी अकरा घरं मला सापडली. सात राहिली आहेत. त्यातली दोन रामोशांची होती, ती दौंडच्या बाजूला गेली एवढंच कळतं. रामभाऊ पाटलाचा थोरला सासरहून पुढं कुठं गेला ते कुणाला सांगता आलं नाही. माझे गुडघे आता जिने चढू देत नाहीत, आणि मी मोजणीदार आहे, सात म्हणजे किती ते मला कळतं.

हा अंक त्यांच्यापैकी कुणाच्या घरी गेला, किंवा कुणी त्यांना वाचून दाखवला, तर त्यांनी असं समजावं की कोकण्या दारात आला आहे. पाणी देऊ नका, बसवू नका. फक्त ऐकून घ्या. त्या शनिवारी तुम्ही ओढा उतरला होता. मी पाहिलं होतं.